दिसते बंद, असते उघडी: ऑटोकॅडमध्ये लाइन-आर्क जोडण्याची पूर्ण रीत

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या लेझर कटिंग शॉपमध्ये फाइली घेणाऱ्या मुलाशी बोलून बघा. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग पडद्यावर छान दिसते, प्रिंटही स्वच्छ निघते, पण नेस्टिंगला (एका पत्र्यावर सगळे पार्ट बसवून मांडायला) टाकली की सॉफ्टवेअर ‘ओपन कॉन्टूर’, म्हणजे बाह्यरेषा उघडी आहे, म्हणून अडून बसतं. मग कटिंग राहतं बाजूला आणि लाइन-आर्क (सरळ रेषा आणि वर्तुळाचे कंस) जोडत बसायची पाळी येते. हॅच (आकृतीच्या आत भरायच्या रेघा किंवा रंग) भरत नाही, एरिया चुकीचा येतो, एक्स्ट्रूड केल्यावर, म्हणजे आकृतीला उंची दिल्यावर, ठोकळ्याऐवजी पोकळ पत्रा उभा राहतो, या तक्रारींच्या मुळाशीही बहुतेक वेळा हेच असतं.

हा लेख ऑटोकॅड हे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर धरून लिहिलाय. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड किंवा नॅनोकॅड वापरत असाल तरी कमांडची नावं जवळपास हीच मिळतील. माझं म्हणणं थोडक्यात असं की जोडण्याची कमांड सगळ्यात शेवटी चालवायची, आधी टोकं जुळवायची. टोकं जुळलेली असतील तर जोडणं दोन सेकंदांचं काम. ती जुळलेली नसतील तर तीच कमांड दिवसभर चालवत बसा, आकृती काही बंद होत नाही.

बंद म्हणजे नेमकं काय

चार लाइन एकमेकींना टेकवून चौकोन काढला, तरी ऑटोकॅडच्या लेखी त्या चार सुट्या लाइनच असतात. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. पॉलिलाइनचं, म्हणजे अनेक तुकड्यांच्या एकसंध रेषेचं, तसं नाही. तिच्यात बिंदूंची क्रमवार यादी असते आणि प्रत्येक बिंदूसोबत ‘बल्ज’ नावाचा एक आकडा असतो. बल्ज शून्य असेल तर पुढचा तुकडा सरळ, नाहीतर आर्क. आर्क केंद्राशी जितका कोन करतो त्याच्या एक-चतुर्थांश कोनाचा टॅन्जंट म्हणजे बल्ज. अर्धवर्तुळाला १८० चा चौथा भाग ४५ अंश, म्हणून बल्ज बरोबर १. पाव वर्तुळाला ०.४१४२. घड्याळाच्या दिशेने जाणाऱ्या आर्कला हाच आकडा उणे होतो. हे गणित रोज लागत नाही, पण त्यावरून एक शंका कायमची मिटते: लाइनशी जोडला म्हणून आर्कचे बारीक तुकडे पडत नाहीत. त्याचा रेडियस होता तसा राहतो.

यादीच्या जोडीला एक खूण असते, बंद की उघडी. सगळा घोटाळा इथे होतो. पॉलिलाइन काढताना शेवटचा बिंदू एंडपॉइंट स्नॅपने (कर्सर नेमका टोकावर चिकटवणाऱ्या सोयीने) अगदी पहिल्या बिंदूवर आणून टेकवला तरी ही खूण ‘उघडी’च राहते. बंद व्हायला हवी असेल तर शेवटचा क्लिक न करता सी टाइप करून एंटर मारायचं. जाड रुंदीची पॉलिलाइन काढली की हा फरक डोळ्यांना दिसतो. टेकवून ‘बंद’ केलेल्या कोपऱ्यात खाच राहते, सी देऊन बंद केलेल्या कोपऱ्यात राहत नाही.

लेझरवाल्याला ही खूण का लागते? किरणाला स्वतःची जाडी असते, त्यामुळे पत्र्यात पडणाऱ्या चिरेच्या रुंदीला कर्फ म्हणतात. माप बरोबर यायचं तर किरण रेषेच्या थोडा बाहेरून किंवा थोडा आतून चालवावा लागतो. बाहेरचा कॉन्टूर असेल तर बाहेरून, भोक असेल तर आतून. आकृतीच उघडी असेल तर आत कुठे आणि बाहेर कुठे, हे मशीनने कसं ठरवायचं?

हाताने करून बघा: ६० बाय २० चा स्लॉट

बेस प्लेटमध्ये बोल्ट सरकवण्यासाठी दोन्हीकडे गोल टोकांचा जो लांबट स्लॉट असतो, तो घेऊ. सरावाला यापेक्षा चांगली आकृती नाही. दोन लाइन, दोन आर्क, आणि उत्तर कागदावर ताडून बघता येतं. नवी फाइल उघडा, युनिट मिलिमीटर ठेवा.

१. एल टाइप करून लाइन कमांड घ्या. पहिला बिंदू ०,० आणि दुसरा @४०,०. एंटर मारून बाहेर या.

२. ऑफसेट घ्या, अंतर २० द्या, लाइन निवडा आणि वरच्या बाजूला क्लिक करा. आता ४० लांबीच्या दोन समांतर लाइन झाल्या.

३. एफ टाइप करून फिलेट (दोन रेषा गोलाईने जोडणारी कमांड) घ्या. रेडियस देऊ नका. दोन्ही लाइन डाव्या टोकाजवळ निवडा. लाइन समांतर आहेत हे ओळखून ऑटोकॅड १० रेडियसचं अर्धवर्तुळ आपणच टाकतं, फिलेटमध्ये आधीचा कुठलाही रेडियस सेट असला तरी. मग उजव्या टोकांना हेच करा. आर्क कमांड घेऊन केंद्र शोधत बसायची गरज नाही, आणि टोकं शंभर टक्के जुळलेली मिळतात.

४. आता जोडायचं. पी-ई टाइप करून एंटर मारा, ही पीएडिट कमांड. लगेच वस्तू निवडू नका, आधी एम टाइप करून ‘मल्टिपल’ घ्या. मग विंडो ओढून चारही तुकडे निवडा, एंटर.

५. लाइन आणि आर्कच्या पॉलिलाइन करू का, असं विचारलं जाईल. वाय म्हणा. हा प्रश्न दर वेळी नको असेल तर पीएडिटअॅक्सेप्ट हे व्हेरिएबल १ करून ठेवा, पुन्हा विचारणार नाही.

६. जे टाइप करा, म्हणजे जॉइन. फझ डिस्टन्स (किती अंतरापर्यंतची फट चालवून घ्यायची) विचारेल, तिथे शून्य ठेवून एंटर. कमांड लाइनवर ‘३ सेगमेंट ॲड झाले’ अशा अर्थाचा संदेश दिसला पाहिजे. एका आकृतीचे जितके तुकडे, त्यापेक्षा एक कमी. आकडा त्याहून कमी आला तर कुठेतरी तुकडा सुटलाय. आणखी एक एंटर मारून बाहेर पडा.

आता आकृती निवडून कंट्रोल आणि १ दाबा. प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लोज्ड’समोर ‘येस’, एरिया १११४.१६ आणि लांबी १४२.८३ दिसेल. मधला चौकोन ४० गुणिले २० म्हणजे ८००. दोन अर्धवर्तुळं मिळून १० रेडियसचं पूर्ण वर्तुळ, ३१४.१६. बेरीज जमते. परीघ ४० अधिक ४० अधिक ६२.८३. तोही जमतो.

इथेच थांबू नका, आणखी एक गंमत करून बघा. अनडू करून मागे जा, वरची लाइन पुसा आणि उरलेले तीन तुकडे जोडा. आकृती उघडी आहे, वरून सताड उघडी. प्रॉपर्टीजमध्ये एरिया मात्र तोच, १११४.१६! उघड्या पॉलिलाइनचा एरिया काढताना ऑटोकॅड शेवटच्या बिंदूपासून पहिल्यापर्यंत मनातल्या मनात सरळ रेष मारतं, आणि आपली गायब लाइन नेमकी तिथेच होती. लांबी मात्र १०२.८३ दाखवेल, कारण ती काल्पनिक रेष लांबीत धरत नाहीत. तेव्हा ‘एरिया आला, म्हणजे बंद आहे’ असं कोणी म्हणालं तर त्याला हा स्लॉट दाखवा.

कोणती कमांड कधी

पीएडिट मल्टिपल हे माझं नेहमीचं हत्यार. एकाच वेळी पन्नास आकृत्यांचे तुकडे निवडले तरी ती ज्याचे त्याला जोडते, शिवाय बारीक फटींसाठी फझची सोय तिच्यातच आहे.

जॉइन (नुसतं जे) ही कमांड झटपट आहे. सगळं निवडा, एंटर, संपलं. टोकं स्वच्छ असतील तर खुशाल वापरा. पण तिला फझ नाही, आणि तिचे दोन स्वभाव माहीत असलेले बरे. एक, सुरुवातीला एकच लाइन निवडून एंटर मारलं तर ती लाइन ‘सोर्स’ ठरते आणि मग फक्त तिच्याच सरळ रेषेतल्या लाइन जोडल्या जातात. कोपऱ्यातली लाइन घेत नाही म्हणून नवशिके इथे वैतागतात. त्या सरळ रेषेत मध्ये फट असली तरी ती बुजवून एकच लाइन होते, त्यामुळे मुद्दाम ठेवलेला गॅप नकळत जाऊ शकतो. दोन, तुकडे एका पातळीत नसले तरी जॉइन कुरकुर करत नाही. कधी थ्रीडी पॉलिलाइन, तर कधी स्प्लाइन (मुक्त वळणाची रेषा) करून मोकळी होते. नंतर कळतं की आर्कचा रेडियस विचारायची सोय राहिली नाही.

बाउंडरी (बी-ओ) वेगळ्याच पद्धतीने काम करते. तुम्ही आत क्लिक करायचं आणि ती भोवतालची हद्द शोधून नवी बंद पॉलिलाइन टाकते. एकमेकांना छेदून पुढे गेलेल्या लाइन असतील, ट्रिम करायला वेळ नसेल, तर हिच्यासारखी सोय नाही. बिल्डिंग प्लॅनमध्ये खोल्यांचा कार्पेट एरिया काढायला मी हीच सुचवेन: दाराच्या फटींवर वेगळ्या लेअरवर (ड्रॉइंगच्या वेगळ्या थरावर) एकेक लाइन मारायची, खोलीत क्लिक करायचं, एरिया वाचायचा आणि त्या लाइनचा लेअर बंद करून टाकायचा. आकृती पूर्ण पडद्यावर दिसेल इतपत झूम ठेवा, नाहीतर हद्द सापडत नाही म्हणून कुरकुर करते.

मात्र बाउंडरी जुन्या लाइन-आर्कना हात लावत नाही. नवी पॉलिलाइन त्यांच्याच डोक्यावर, चालू लेअरवर बसते. कटिंगच्या फाइलमध्ये दोन्ही राहिल्या तर मशीन त्याच वाटेने दोनदा जाईल, पत्र्याची कड जळेल आणि बिल दुप्पट मीटरचं लागेल ते वेगळंच. म्हणून आधी ‘कट’ नावाचा लेअर करा, तो चालू ठेवा, बाउंडरी घ्या आणि पाठवताना फक्त तोच लेअर पाठवा.

रीजन ही कमांड युनियन-सबट्रॅक्टसाठी, म्हणजे आकृत्या एकमेकींत मिळवायला किंवा वजा करायला, चांगली. पण नुसती बंद वाट हवी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. रीजन एक्स्प्लोड केला (फोडला) की पुन्हा सुटे लाइन-आर्क हातात येतात आणि तुम्ही पहिल्या पायरीवर.

जोडत नाही तेव्हा

आधी काय तपासायचं याचा क्रम ठरवून ठेवा. माझा क्रम असा: डबल लाइन, मग झेड (म्हणजे उंची), मग फट. हा उलटा केला तर तेच काम दोनदा करावं लागतं.

डबल लाइन ओळखायला ओव्हरकिल कमांड आहे. सगळं निवडा, एंटर, पुढच्या खिडकीत ओके. एकावर एक बसलेल्या आणि अर्धवट झाकणाऱ्या लाइन निघून जातात. हे आधी करायचं कारण असं की एका बिंदूवर तीन टोकं आली की पीएडिटला कुठल्या वाटेने जायचं ते कळत नाही. ती एक वाट धरते, बाकीची तिथेच सोडते, आणि तुम्हाला वाटतं फट आहे.

झेडचा त्रास बहुतेक दुसरीकडून आलेल्या फाइलींत होतो. टोटल स्टेशनच्या (जमीन मोजायच्या यंत्राच्या) सर्व्हेतून आलेल्या लाइनना प्रत्येक टोकाला लेव्हल, म्हणजे उंची, चिकटलेली असते. वरून पाहिलं तर टोकं एकावर एक, प्रत्यक्षात एक मीटरभर वर. सगळ्या लाइन निवडून प्रॉपर्टीजमध्ये ‘स्टार्ट झेड’ आणि ‘एंड झेड’ बघा. तिथे आकड्याऐवजी ‘व्हेरीज’ दिसलं तर पकडलात चोर. दोन्हीकडे शून्य लिहा. आर्क वेगळे निवडून ‘सेंटर झेड’ शून्य करा. एक्स्प्रेस टूल्स बसवलेली असतील तर फ्लॅटन कमांड हे एका दमात करते, पण तिरक्या पातळीतल्या आर्कचा रेडियस तिच्यातून सुखरूप बाहेर येईलच असं नाही. आणि सर्व्हेची मूळ फाइल सपाट करू नका बाबांनो, जमिनीच्या समोच्च रेषांच्या लेव्हल त्यातच असतात. कॉपी घ्या, कॉपीवर काय ते करा.

आता फट. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते.

पडद्यावर दोन टोकं टेकलेली दिसतात, आयडी कमांडने (ती बिंदूचे एक्स, वाय, झेड आकडे दाखवते) बघितलं तर दोन्हींचे आकडे सारखे येतात, तरी जोड लागत नाही. तुमचं युनिट दोन दशांशांवर असेल तर ०.००३ ची फट ०.०० अशीच दिसणार. युनिट्समध्ये जाऊन प्रिसिजन आठ दशांशांवर न्या आणि पुन्हा आयडी मारा. आता खरे आकडे दिसतील. स्नॅप बंद ठेवून ‘अंदाजे टेकवलेल्या’ टोकांचं पितळ इथे उघडं पडतं.

फट कुठे आहे हेच सापडत नसेल तर हॅचला कामाला लावा. आत क्लिक करा. हद्द बंद नसेल तर जिथे शंका आहे त्या टोकांवर ऑटोकॅड लाल वर्तुळं काढून दाखवतं. तिथे झूम करा, दुरुस्त करा, रीजेन (पडदा ताजा करणारी कमांड) मारला की वर्तुळं जातात. हॅचमध्ये ‘गॅप टॉलरन्स’ नावाची सेटिंग आहे, ती वाढवली की फट असूनही हॅच भरतो. हॅच दिसेल, आकृती मात्र उघडीच राहील. नुसत्या प्रिंटचं काम असेल तर चालेल, कटिंगच्या कामात त्या वाटेला जाऊ नका.

फट मिटवायचा उत्तम मार्ग म्हणजे शून्य रेडियसचं फिलेट. फिलेट घ्या, पहिली लाइन निवडा, शिफ्ट दाबून धरा आणि दुसरी निवडा. शिफ्ट दाबलेलं असताना रेडियस शून्य धरला जातो, त्यामुळे सेटिंग बदलावं लागत नाही. कमी पडलेली लाइन वाढते, जास्त गेलेली छाटली जाते. लाइन आणि आर्क असले तरी चालतं, आर्क आपल्याच वर्तुळावरून पुढे सरकतो. दोन-चार फटी असतील तर हेच करा, कारण आकार बिघडत नाही.

फटी शेकड्यांनी असतील, उदाहरणार्थ पीडीएफमधून आणलेली ड्रॉइंग, तर मग फझ. पीएडिट मल्टिपलमध्ये जॉइन घेतल्यावर जे अंतर विचारतात ते हे. याचा अर्थ ‘इतक्या अंतरातली टोकं एकच समजा’. किती द्यायचं? फटीपेक्षा थोडं जास्त, आणि आकृतीतल्या सगळ्यात लहान तपशिलापेक्षा पुष्कळ कमी. मिलिमीटरच्या मशीन ड्रॉइंगला मी ०.०१ पासून सुरुवात करतो आणि लागलं तरच वाढवतो. जोडत नाही म्हणून रागाने २ टाकलात, आणि प्लेटला दीड मिलिमीटरचा रिलीफ कट (वाकवताना कोपरा फाटू नये म्हणून ठेवलेली खाच) असला, तर तो कट फझच्या पोटात जाऊ शकतो. पार्ट कापून बेंडिंगला गेल्यावर कोपरा फाटतो, मग शोधाशोध. आणि मीटरमधल्या साइट प्लॅनला तेच ०.०१ म्हणजे एक सेंटिमीटर होतं हेही ध्यानात असू द्या.

फझच्या प्रश्नावर आकडा देण्याआधी जे टाइप केलं की ‘जॉइनटाइप’ निवडता येतो. एक्स्टेंडमध्ये तुकडे वाढवून किंवा छाटून भेटवतात, ॲडमध्ये मध्ये एक छोटा सरळ तुकडा टाकतात, बोथमध्ये आधी पहिला उपाय, तो जमला नाही तर दुसरा. कोपरे टोकदार हवेत तर एक्स्टेंड ठेवा. ॲडने घातलेले ते सूक्ष्म तुकडे मशीनला उगाच ब्रेक मारायला लावतात.

यातलं काहीच नसेल तर वस्तूचा प्रकार बघा. पूर्ण वर्तुळ जोडता येत नाही, हवा तेवढा आर्क ट्रिम करून घ्यावा लागतो. (बोल्टचं भोक म्हणून काढलेलं वर्तुळ मुळातच बंद आहे, त्याला काही करू नका.) ब्लॉकमधल्या (एकत्र बांधून ठेवलेल्या गटातल्या) लाइन ब्लॉक एक्स्प्लोड केल्याशिवाय हाती लागत नाहीत. लॉक केलेल्या लेअरवरच्या लाइनही नाहीत. लंबवर्तुळाचा आर्क पॉलिलाइनमध्ये बसतच नाही, म्हणून पीएलिप्स हे व्हेरिएबल १ करून पूर्ण लंबवर्तुळच पॉलिलाइनच्या रूपात काढावं आणि नको तो भाग ट्रिम करावा.

स्प्लाइन पॉलिलाइनमध्ये बदलता येते, पण जशीच्या तशी नाही. पीएडिटने ती निवडली की प्रिसिजन विचारते, ० ते ९९ मधला आकडा. जितका मोठा आकडा, तितके जास्त तुकडे. प्लाइनकन्व्हर्टमोड हे व्हेरिएबल ० असेल तर सरळ तुकडे पडतात, १ असेल तर आर्कचे. कटिंगसाठी १ ठेवा. कमी तुकड्यांत वळण गुळगुळीत येतं.

पाठवण्याआधी

नुसतं निवडून बघणं पुरेसं नाही. क्यूसिलेक्ट (अटीनुसार वस्तू निवडणारी कमांड) घ्या, प्रकार पॉलिलाइन, प्रॉपर्टी ‘क्लोज्ड’, किंमत ‘नो’. एकही वस्तू निवडली गेली नाही तर सगळ्या पॉलिलाइन बंद. मग त्याच क्यूसिलेक्टमध्ये प्रकार लाइन आणि नंतर आर्क देऊन बघा, कट लेअरवर सुटा तुकडा राहिला असेल तर सापडेल. जोडताना पॉलिलाइन भलत्याच लेअरवर गेली नाही ना, तेही याच वेळी बघून घ्या.

टोकं टेकलेली पण खूण ‘नो’ अशी पॉलिलाइन सापडली तर प्रॉपर्टीजमध्येच ‘येस’ करता येतं. फक्त तिथे एकाच जागी दोन बिंदू राहतात, म्हणून नंतर एकदा ओव्हरकिल फिरवा.

फाइल डीएक्सएफमध्ये (ड्रॉइंग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या फॉरमॅटमध्ये) द्यायची असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडून बघता येते. ‘एलडब्ल्यूपॉलिलाइन’ हा शब्द शोधा. त्याच्या खाली ७० असा आकडा एका ओळीवर आणि पुढच्या ओळीवर १ असेल तर आकृती बंद, ० असेल तर उघडी. त्याच यादीत ४२ च्या पुढच्या ओळीवर बल्ज असतो. आपल्या स्लॉटमध्ये तो दोनदा १ येईल, किंवा पॉलिलाइनची दिशा उलटी असेल तर उणे १.

काही जुन्या मशीनवाले आर-१२ (ऑटोकॅडची एक जुनी आवृत्ती) डीएक्सएफ मागतात. त्या आवृत्तीत स्प्लाइन आणि लंबवर्तुळ हे प्रकारच नव्हते, त्यामुळे सेव्ह करताना त्यांचे तुकडे होतात. लाइन-आर्कच्या पॉलिलाइनला मात्र धक्का लागत नाही. आर-१२ द्यायची असेल तर फाइलमधल्या स्प्लाइन आधी पीएडिटने स्वतः बदलून घ्या. तुकडे किती पाडायचे ते मग तुमच्या हातात राहतं.